वैद्याची स्मृती आणि यंत्राची स्मरणपत्रे

रुग्णालयाच्या खिडकीवर मिळणारा केसपेपर सर्वांच्याच परिचयाचा आहे. रुग्ण बरा होऊन घरी जातो, कागद दप्तरात बांधला जातो; आणि तोच रुग्ण दोन वर्षांनी पुन्हा आला की बहुधा नवा कागद निघतो. जुना सापडलाच, तरी ज्यांनी तो लिहिला त्या डॉक्टरांखेरीज इतरांना तो वाचता येईलच अशी शाश्वती नसते. ही अडचण केवळ आपल्याकडचीच आहे असे नव्हे. साठ वर्षांपूर्वी अमेरिकेतील नामांकित रुग्णालयेही तिने बेजार झाली होती. तीतून सुटण्यासाठी तेथे जे प्रयत्न झाले, त्यांतील यशाइतकेच अपयशही बोधप्रद आहे.

बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलात १९६०नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच एक महत्त्वाकांक्षी योजना हाती घेण्यात आली. एका संगणकाला अनेक टेलिटाइप यंत्रे जोडावयाची आणि वॉर्डातील सारा व्यवहार त्यांवरून चालवावयाचा, असा तो संकल्प होता. तंत्रज्ञ हुशार होते, पैसाही होता. परंतु सारे रुग्णालय एकदम यंत्रावर आणण्याचा हा बेत रोजच्या वापरात उतरू शकला नाही. १९६४ साली तेथील संगणकविज्ञान प्रयोगशाळेची सूत्रे डॉ. ऑक्टो बार्नेट या हृदयरोगतज्ज्ञांकडे आली. त्यांनी प्रयोगशाळेच्या तपासण्यांचे अहवाल यांसारख्या मर्यादित कामांपासून आरंभ केला. मोठी योजना कोसळल्यावर लहान कामाला हात घालावयाचा, यासाठी एक निराळेच धैर्य लागते.

या कामातूनच १९६६-६७ मध्ये नील पापालार्डो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'मम्प्स' नावाची संगणकभाषा सिद्ध केली. आद्याक्षरे घेऊन बनविलेले हे नाव इंग्रजीत गालगुंडाचेही आहे. वैद्यकीय नोंदींचा स्वभाव मोठा विचित्र असतो. एका रुग्णाची नोंद चार ओळींत संपते, दुसऱ्याची दोनशे पानांतही मावत नाही. ठराविक रकान्यांचा तक्ता आखला, तर निम्मे रकाने रिकामे राहतात आणि नेमके हवे ते लिहावयास जागा उरत नाही. मम्प्समध्ये माहिती वंशावळीप्रमाणे साठविली जाई. जेथे सांगण्यासारखे असेल तेथेच फांदी फुटे. त्या काळच्या तोकड्या यंत्रांवर ही मोठीच सोय होती.

बार्नेट यांच्याच प्रयोगशाळेत पुढे बाह्यरुग्णांसाठी 'कोस्टार' ही नोंदपद्धती तयार झाली. तीत डॉक्टरांना यंत्रासमोर बसावे लागत नसे. ते छापील तक्त्यावर खुणा करीत, मजकूर लिहीत आणि कारकून तो संगणकात भरीत. पुढील भेटीच्या वेळी रुग्णाचा स्वच्छ, वाचनीय गोषवारा डॉक्टरांच्या हाती पडे. कॅलिफोर्नियातील एल कमिनो रुग्णालयात याच सुमारास याच्या उलट रीत स्वीकारली गेली. तेथे प्रकाशलेखणीने पडद्यावर स्पर्श करून डॉक्टरांनी औषधोपचाराचे आदेश स्वतःच द्यावेत, असे ठरले. पुष्कळ डॉक्टरांनी त्यास विरोध केला. खुणा कोणी करावयाच्या आणि टंकलेखन कोणी करावयाचे, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो; प्रत्यक्षात अनेक योजना तेथेच अडल्या.

परंतु कागदावरचा गोंधळ यंत्रात भरला, तर यंत्रातही गोंधळच राहणार. हे निःसंदिग्धपणे सांगितले ते डॉ. लॉरेन्स वीड यांनी. नोंदी डॉक्टर किंवा विभाग यांनुसार न ठेवता रुग्णाच्या तक्रारींनुसार ठेवाव्यात, प्रत्येक तक्रारीस क्रमांक द्यावा आणि रुग्ण काय सांगतो, तपासणीत काय आढळले, निष्कर्ष काय व पुढील योजना कोणती, हे त्या-त्या तक्रारीखाली लिहावे, असे त्यांनी १९६८ साली प्रतिपादन केले. व्हरमाँट विद्यापीठात त्यांनी या तत्त्वावर 'प्रॉमिस' ही संगणकप्रणाली उभारली. तिचे पडदे बोटाच्या स्पर्शाने चालत. ती प्रणाली मागे पडली. वीड यांची लेखनपद्धती मात्र जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत रुजली. नोंदीची प्रत रुग्णाच्याही हाती असावी, असा त्यांचा आग्रह होता. तो पुष्कळांना अजूनही पचलेला नाही.

या साऱ्यात सर्वांत मार्मिक प्रयोग इंडियानापोलिसचा. भांडी धुण्याची यंत्रे बनवून धनाढ्य झालेल्या सॅम रीगनस्ट्रीफ यांच्या देणगीतून तेथे एक संशोधनसंस्था उभी राहिली होती. तेथील डॉ. क्लेमेंट मॅकडोनाल्ड यांनी १९७२ च्या सुमारास सार्वजनिक रुग्णालयातील मधुमेही रुग्णांपासून संगणकीय नोंदींस आरंभ केला. नोंदी नुसत्या साठवून त्यांचे समाधान झाले नाही. अमुक औषध चालू आहे, यकृताची तपासणी व्हावयास हवी. रक्तदाब वाढलेला आहे, उपचार बदलावा. अशी स्मरणपत्रे संगणकाने डॉक्टरांस आधीच द्यावीत, अशी व्यवस्था त्यांनी केली. १९७६ साली त्यांनी नऊ डॉक्टरांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. स्मरणपत्र नसताना त्यांनी अशा प्रसंगांपैकी २२ टक्क्यांत योग्य ती दखल घेतली होती. स्मरणपत्र असताना ५१ टक्क्यांत. विशेष हे की, पदव्युत्तर शिक्षणाच्या पहिल्या वर्षाचा डॉक्टर आणि तिसऱ्या वर्षाचा डॉक्टर यांत लक्षणीय फरक आढळला नाही. याचा अर्थ असा की, त्या चुका बहुधा अज्ञानाच्या किंवा आळसाच्या नव्हत्या. एका माणसाच्या ध्यानात एका वेळी जेवढे राहू शकते, त्यापेक्षा कामच अधिक होते. चूक झाली की माणसास बोल लावण्याची जी सवय सर्वच कचेऱ्यांत असते, तिला हा निष्कर्ष छेद देतो. अर्थात स्मरणपत्र हाती असतानाही जवळजवळ निम्मे प्रसंग तसेच राहिले, हेही विसरता येत नाही.

प्रशासनाच्या दृष्टीने उद्बोधक कथा माजी सैनिकांच्या रुग्णालयांची आहे. १९७० नंतरच्या दशकाअखेरीस तेथील डॉक्टर व तंत्रज्ञांनी आपापल्या रुग्णालयांत मम्प्स भाषेत लहान लहान प्रणाली रचावयास प्रारंभ केला. संगणकाचा कारभार केंद्रीय कार्यालयाच्याच हाती राहावा, असे मानणाऱ्यांनी त्यांना अडविले. काम थांबविण्याचे यत्न झाले. मंडळी मागे हटली नाहीत. त्यांच्या या चोरट्या जाळ्यास 'भुयारी रेल्वे' हे नाव पडले. अखेर १९८२ साली त्या कामास अधिकृत मान्यता मिळाली आणि त्यातूनच पुढे 'व्हिस्टा' ही देशव्यापी प्रणाली विकसित झाली. २०१८ साली ती बदलून बाहेरच्या कंपनीची प्रणाली घेण्याचा करार झाला. २०२३ साली तक्रारींमुळे नव्या प्रणालीचा विस्तार थांबविण्यात आला.

इंडियानापोलिसच्या प्रयोगाची एक शाखा मात्र दूरवर पोहोचली. केनियातील कामाच्या अनुभवातून त्या संस्थेच्या मंडळींनी २००४ साली इतरांच्या साथीने 'ओपनएमआरएस' ही सर्वांस विनामूल्य वापरता येणारी प्रणाली सुरू केली. तिच्या आधारावर भारतीय तंत्रज्ञांनी 'बहमनी' ही प्रणाली रचली. तिचा पहिला वापर छत्तीसगडमधील बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी या गावी, जन स्वास्थ्य सहयोग या संस्थेच्या रुग्णालयात झाला.