घोड्याचे चिलखत आणि आख्यानाची बिदागी

(कुंभकोणम येथे मार्गळी महिन्यातील मराठी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



एप्रिल 2006 मध्ये अमेरिकेतल्या बेथेस्डा या कंपनीने एका घोड्याचे चिलखत विक्रीला काढले. त्या आधीच्याच महिन्यात बाजारात आलेल्या 'द एल्डर स्क्रोल्स 4 : ऑब्लिव्हियन' या व्हिडिओ गेममधला हा घोडा. ज्यांनी पूर्ण पैसे मोजून गेम घेतला होता, त्यांनी आणखी अडीच डॉलर द्यावेत, चिलखत इंटरनेटवरून उतरवून घ्यावे आणि आपल्या घोड्याला चढवावे, अशी ही योजना होती. चिलखतामुळे कथेत एका प्रसंगाचीही भर पडत नव्हती. खेळणाऱ्यांनी त्याला भरपूर नावे ठेवली, आणि तरी ते खपले. पुढे 2025 मध्ये हाच गेम नव्या रूपात आला तेव्हा त्याच्या महागड्या आवृत्तीत घोड्याची नवी चिलखते पुन्हा घातलेली होती. जगभरच्या खेळणाऱ्यांत आजही 'हॉर्स आर्मर' एवढे दोन शब्द उच्चारले की पुढचे सांगावे लागत नाही.

वडीलधाऱ्यांसाठी थोडे स्पष्टीकरण करतो. रोल-प्लेइंग गेम म्हणजे ज्यात खेळणारा एका पात्राची भूमिका घेतो. गावोगाव फिरतो, माणसांशी बोलतो, कोणाला मदत करायची आणि कोणाला नाही ते ठरवतो, आणि त्याच्या निवडीप्रमाणे कथा वळण घेते. असा एक गेम पुरा व्हायला पन्नास-शंभर तास सहज लागतात. गेम विकत घेतल्यावर वेगळे पैसे भरून त्यात जी भर घालता येते, तिला मुले 'डीएलसी' म्हणतात. मी तिला पुरवणी म्हणणार आहे. कधी ती नवा प्रदेश आणि नवी कथा असते, कधी एखादे नवे पात्र, कधी नुसता पोशाख.

पुरवण्या इंटरनेटच्या आधीपासून आहेत. 1998 च्या 'बाल्डर्स गेट'ची पुरवणी 1999 मध्ये 'टेल्स ऑफ द सोर्ड कोस्ट' या नावाने निघाली, ती खोक्यातून, सीडीवर आणि दुकानात. खोके छापायचे, वाहून न्यायचे, दुकानदाराचा वाटा द्यायचा, तर आत काही भरीव असल्याशिवाय परवडतच नसे. इंटरनेटने हा खर्च जवळजवळ संपवला आणि अडीच डॉलरची वस्तूही विकण्याजोगी झाली. घोड्याचे चिलखत जन्माला आले ते त्यामुळे. कंपनीच्या मनात खोट होती असे मी म्हणत नाही. त्याच कंपनीने पुढच्याच वर्षी, मार्च 2007 मध्ये, त्याच गेमला 'शिव्हरिंग आइल्स' नावाची मोठी पुरवणी जोडली. तिच्यात वेडाच्या देवतेचे एक अख्खे राज्य उभे केले होते, आणि तिच्या किमतीबद्दल फारशी तक्रार झाली नाही.

मग चांगली पुरवणी ओळखायची कशी? हा प्रश्न मी मुद्दाम या गावात मांडतो आहे, कारण त्याचे उत्तर देणारी एक परंपरा याच कावेरीकाठी वाढली आहे. 1676 पासून 1855 पर्यंत तंजावरात भोसल्यांचे राज्य होते आणि त्यांच्यामागोमाग मराठी कीर्तन इथे आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोरगावकरबुवांची कीर्तने तंजावरात झाली. ती ऐकून तंजावूर कृष्ण भागवतर (1841 ते 1903) यांनी तमिळ हरिकथेला जो घाट दिला, तो आजही ओळखू येतो. साकी, दिंडी, ओवी, अभंग, अंजनीगीत हे आपले छंद त्यांनी तमिळ कथेत रुजवले. ज्यांना मराठीचा एक शब्द येत नाही असे तमिळ भागवतरही साकी-दिंडी म्हणत आले आहेत. गोविंदपुरम, तिरुविसनल्लूर आणि मरुदनल्लूर ही भजन संप्रदायाची तिन्ही ठिकाणे इथून हाकेच्या अंतरावर आहेत, आणि त्या भजनात मराठी अभंग अजून गायले जातात. महाराष्ट्रात राहणाऱ्या आम्हांला या गोष्टी कोणी शाळेत शिकवत नाही. त्या शिकवायला हव्यात.

कीर्तनाचा पूर्वरंग आणि उत्तररंग तुम्हांला माझ्याहून चांगला ठाऊक आहे. पूर्वरंगात मूळ पद आणि त्याचे निरूपण, उत्तररंगात आख्यान. मूळ कथा रामायण, महाभारत, भागवत यांतली, म्हणजे सगळ्यांची. बुवा चातुर्मासात मुक्कामाला राहिले की रोज नवे आख्यान लावत. आज सुदामा, उद्या ध्रुव, परवा रुक्मिणी स्वयंवर. प्रत्येक आख्यान आपल्या जागी पुरे असे. काल ज्याला यायला जमले नाही, त्याचे आज काही अडत नसे, आणि उद्या यावे म्हणून आजचा शेवट कोणी कापून ठेवत नसे. बुवांना बिदागी मिळे, आरतीच्या ताटात लोक आपल्या ऐपतीप्रमाणे टाकत. कथा सांगणाऱ्याने पैसे घेऊ नयेत असे या परंपरेने कधीही म्हटले नाही. कथा सांगणे हे श्रमाचे काम आहे आणि श्रमाला मोल आहे. मात्र मोल कशाचे, याबद्दल गोंधळ नव्हता. सुदाम्याची कथा ऐकवून झाल्यावर, द्वारकेच्या दारात त्याचे काय झाले ते ऐकायचे असेल तर वेगळे ताट फिरेल, असे बुवा म्हणाले असते तर श्रोते उठून गेले असते.

गेमच्या पुरवणीला मी हीच कसोटी लावतो. मूळ कथा तिच्यावाचून पुरी आहे का? आणि पुरवणी स्वतः एक आख्यान म्हणून उभी राहते का?

पोलंडच्या वॉर्सा शहरातल्या सीडी प्रोजेक्ट रेड या कंपनीचा 'द विचर 3' मे 2015 मध्ये आला. पोशाख, लहान मोहिमा, असा किरकोळ ऐवज सोळा हप्त्यांत तिने सगळ्यांना फुकट दिला. पैसे घेतले ते दोन पुरवण्यांचे. ऑक्टोबर 2015 ची 'हार्ट्स ऑफ स्टोन' आणि मे 2016 ची 'ब्लड अँड वाइन'. पहिलीत एका माणसाने सैतानासारख्या पाहुण्याशी केलेल्या कराराची गोष्ट आहे. करारात मागितलेले सगळे मिळते आणि माणूस आतून दगड होत जातो. मूळ गेमच्या युद्धाशी तिचा फारसा संबंध नाही, आणि मला वाटते म्हणूनच ती इतकी घट्ट विणली गेली. दुसरीत द्राक्षमळ्यांचा एक नवा प्रांत आहे आणि नायकाला अखेर मिळणारे घर आहे. त्या वर्षीच्या 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये उत्कृष्ट रोल-प्लेइंग गेमचा मान या पुरवणीने पटकावला. गेल्या वीस वर्षांत या क्षेत्रात मी जे पाहिले त्यात 'हार्ट्स ऑफ स्टोन' मला सर्वांत जवळची वाटते. चांगल्या कीर्तनकाराला ती उत्तररंगात सहज लावता येईल.

याच्या उलट उदाहरण 2012 च्या 'मास इफेक्ट 3'चे. त्या कथेत हजारो वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या एका जमातीचे रहस्य पहिल्या भागापासून चालत आले होते. त्या जमातीचा एकुलता एक जिवंत माणूस, जाविक, तिसऱ्या भागात भेटतो, पण ज्यांनी गेमबरोबर पहिल्याच दिवशी दहा डॉलरची 'फ्रॉम अॅशेस' ही पुरवणी घेतली त्यांनाच. महागडी आवृत्ती घेणाऱ्यांना तो त्यात मिळाला. मग त्याचा काही भाग मूळ डिस्कवरच असल्याचे खेळणाऱ्यांच्या ध्यानात आले आणि संताप उसळला. कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. गेमची चित्रे आणि लेखन पुरे झाले तरी चुका शोधणे आणि प्लेस्टेशन-एक्सबॉक्सवाल्यांची मंजुरी मिळवणे यांत काही महिने जातात. त्या काळात चित्रकार आणि लेखक रिकामे बसवण्यापेक्षा त्यांना पुरवणीच्या कामाला लावतात. हे खरे आहे आणि त्यात गैर काही नाही. माझा आक्षेप जाविकच्या निवडीला आहे. जो माणूस मूळ कथेच्या गाभ्यात बसतो, त्याला दाराबाहेर उभे करून तिकीट लावले गेले. त्याच गेमचा शेवट लोकांना इतका अपुरा वाटला की जून 2012 मध्ये कंपनीने विस्तारलेला शेवट फुकट दिला. शेवट मूळ कथेचाच असतो, त्याचे पैसे मागता येत नाहीत, हे तिथे मान्य झाले.

अलीकडची उदाहरणे थोडक्यात. 'एल्डन रिंग'ची 'शॅडो ऑफ द एर्डट्री' जून 2024 मध्ये चाळीस डॉलरला आली. पुरवणी असूनही ती वर्षातल्या सर्वोत्तम गेमच्या नामांकनात गेली आणि त्यावर बराच वाद झाला. 'बाल्डर्स गेट 3'च्या लॅरियन स्टुडिओने मात्र कथेची पुरवणी करायचीच नाही असे 2024 मध्ये जाहीर केले आणि 2025 मध्ये पात्रांच्या बारा नव्या उपवर्गांची भर सगळ्यांना विनामूल्य दिली.

आता आपल्याकडचे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये 'राजी : अॅन एन्शंट एपिक' आणला. तो रोल-प्लेइंगपेक्षा साहसखेळ अधिक आहे, पण दुर्गा आणि विष्णू ज्यात सूत्रधार म्हणून बोलतात असा हा आपल्या मातीतला गेम. लोकवर्गणीचा प्रयत्न फसल्यावरही त्या मंडळींनी तो तडीस नेला. 2022 मध्ये त्यांनी हिंदी संवादांसह सुधारित आवृत्ती काढली आणि ज्यांच्याकडे गेम आधीच होता त्यांना ती फुकट दिली. मला त्यांचा अभिमान वाटतो आणि काळजीही वाटते. लहान स्टुडिओला असे औदार्य किती वेळा परवडेल? सीडी प्रोजेक्टने सोळा गोष्टी फुकट दिल्या तेव्हा तिच्यामागे लाखो प्रतींची विक्री होती. पुण्याच्या मुलांनी राजीची एखादी स्वतंत्र कथा काढून पैसे मागितले तर ते मी आनंदाने देईन आणि तुम्हीही द्यावेत असे सांगेन. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात 2015 पासून रुपयांत किमती लागतात आणि आता यूपीआयने पैसे भरता येतात. फुकटच मिळावे ही आपली सवय आपल्याच कलावंतांच्या मुळावर येते आहे.

पालकांना एक उपयोगाची गोष्ट सांगतो. मुलाने पुरवणी घेतली आणि ती फसवी निघाली, तर स्टीमवर चौदा दिवसांच्या आत आणि घेतल्यानंतर दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असेल तर बहुतेक वेळा पैसे परत मागता येतात. ओरडण्याआधी त्याच्याशेजारी बसून ती पुरवणी पाहा. कथा आहे की नुसते चिलखत, हे दहा मिनिटांत कळते.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. पैसे देऊन घेतलेली पुरवणी आपल्या मालकीची नसते, ती वापरायची परवानगी असते. 27 मार्च 2023 ला निन्टेन्डोने थ्रीडीएस आणि वी-यू या यंत्रांचे ऑनलाइन दुकान बंद केले. ज्या पुरवण्या फक्त तिथेच मिळत, त्या नव्या माणसाला रीतसर विकत घेण्याचा मार्ग त्या दिवशी संपला. 1 जानेवारी 2025 पासून कॅलिफोर्नियात विक्रेत्याला आपण फक्त वापरायची परवानगी विकतो आहोत हे आधी स्पष्ट सांगावे लागते, एवढाच कायद्याचा दिलासा.

जपणूक कशी होते याचे उदाहरण जवळच आहे. तंजावरच्या शहाजीराजांनी मराठीत नाटके लिहिली, ती विष्णुदास भाव्यांच्या 1843 मधल्या सांगलीच्या प्रयोगाआधी सुमारे दीडशे वर्षे. हे आपण आज सांगू शकतो, कारण सरस्वती महालात त्या पोथ्या जपल्या गेल्या आणि दुसऱ्या सरफोजीराजांनी त्या ग्रंथालयाचे वैभव वाढवले. राज्य गेले, पोथ्या राहिल्या. 'हार्ट्स ऑफ स्टोन'सारखे आख्यान दीडशे वर्षांनी कोणाला पाहायचे असेल तर ते कुठे मिळेल? कंपन्या बंद पडतात, यंत्रे बदलतात. माझी मागणी अशी आहे की जी पुरवणी विक्रीतून काढली जाईल, तिची चालणारी प्रत एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात ठेवणे कंपनीवर बंधनकारक असावे. आपल्या देशात पुस्तकांच्या प्रती राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवण्याचा कायदा 1954 पासून आहे. त्यात गेम आणि त्यांच्या पुरवण्या घालाव्यात, यासाठी मराठी आणि तमिळ साहित्य संस्थांनी मिळून सरकारकडे निवेदन द्यावे. त्याचा मसुदा करायला मी तयार आहे, आणि या सभेतल्या ज्या मुलांना या विषयाची जाण आहे त्यांनी आज व्याख्यानानंतर मला भेटावे.