नोंद ठेवणारी माणसं

(रेडिओवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

श्रोतेहो, मंडाले हे नाव मराठी माणसाला परकं नाही. लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ या काळात तिथल्या तुरुंगात शिक्षा भोगली. त्याच वर्षांत ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत दिवस काढत होता. आपला कैदी तिकडे आणि त्यांचा राजा इकडे, अशी ही इंग्रजांची सोय. पुढे इंग्रज गेले, पण ब्रह्मदेशातले तुरुंग काही ओस पडले नाहीत. त्या तुरुंगांतून सुटून किंवा तुरुंग चुकवून देशाबाहेर पडलेली माणसं सीमेपलीकडे बसून काय करतात, हे आज मी तुम्हाला सांगणार आहे.

या गोष्टीची सुरुवात १९८८ मध्ये होते. त्या वर्षी ८ ऑगस्टला रंगूनमध्ये आणि इतर शहरांत विद्यार्थी, भिक्खू, कारकून, कामगार असे सगळे रस्त्यावर उतरले. त्यांना लोकशाही हवी होती. लष्कराने गोळ्या चालवल्या आणि १८ सप्टेंबरला सत्ता थेट आपल्या हाती घेतली. हजारो तरुण जंगल तुडवत थायलंडच्या सीमेकडे निघाले. काहींनी बंदुका उचलल्या, काही हिवतापाने गेले. १९९० मध्ये निवडणूक झाली. आंग सान स्यू ची यांच्या पक्षाने ४८५ पैकी ३९२ जागा जिंकल्या, पण लष्कराने तो निकाल मानलाच नाही. चार महिन्यांत परत जाऊ म्हणून निघालेल्या पोरांना आता परतीची वाटच उरली नाही.

अशा परागंदा माणसाजवळ असतं तरी काय? सैन्य नाही, पैसा नाही, बहुतेकांकडे पासपोर्टही नाही. एकच गोष्ट असते. आपल्या देशात काय घडलं, कोणाच्या बाबतीत घडलं, हे त्याला ठाऊक असतं. यांतल्या काहींनी ठरवलं की ते लिहून ठेवायचं.

थायलंडच्या सीमेवर माए सोट नावाचं गाव आहे. नदी ओलांडली की ब्रह्मदेश. तिथे २००० साली काही माजी राजकीय कैद्यांनी एक संघटना काढली. तिच्या संस्थापकांपैकी बो ची हे स्वतः सात वर्षांहून अधिक काळ तुरुंगात राहिलेले. काम अगदी साधं. कोणता कैदी कोणत्या तुरुंगात आहे, त्याला किती वर्षांची शिक्षा झाली, तो आजारी आहे का, याची माहिती गोळा करायची. सुटून आलेल्यांना विचारायचं, नातेवाइकांकडून निरोप मिळवायचा, ताडून पाहायचं आणि मगच नाव यादीत घालायचं. लष्करी सरकार म्हणत असे, आमच्याकडे राजकीय कैदी नाहीतच, आहेत ते कायदा मोडणारे गुन्हेगार. आणि इकडे माए सोटमधल्या यादीत एका वेळी दोन हजारांवर नावं होती.

या यादीचा उपयोग काय, असं तेव्हा कोणी विचारलं असतं तर उत्तर देणं अवघड होतं. पण २०११ नंतर सरकारचं धोरण थोडं सैल झालं. उरलेले राजकीय कैदी कोण हे ठरवण्यासाठी २०१३ मध्ये सरकारने समिती नेमली, आणि त्या समितीत बो ची यांना घ्यावं लागलं. जे कैदी अस्तित्वातच नाहीत असं सांगितलं जात होतं, त्यांच्या नावांवर सरकारी टेबलापाशी चर्चा झाली.

दुसरं उदाहरण का सॉ वा या करेन तरुणाचं. १९८८ च्या आंदोलनात त्याला पकडून छळ झाला. तो जंगलात पळाला. गावोगाव हिंडताना लोक त्याला आपली कहाणी सांगू लागले आणि तो ती टिपून घेऊ लागला. पुढे यादाना या वायुवाहिनीचं काम सुरू झालं. वाहिनीच्या बंदोबस्ताला असलेले सैनिक आपल्याला वेठीला धरतात, गावं उठवतात, असं गावकरी सांगत होते. १९९६ मध्ये त्यांनी या प्रकल्पातल्या युनोकॉल या अमेरिकी कंपनीवर अमेरिकेतच खटला भरला. जिवाला धोका नको म्हणून त्यांची खरी नावं गुप्त ठेवली गेली. २००५ मध्ये कंपनीने तडजोड करून गावकऱ्यांना भरपाई दिली. जंगलातल्या वहीपासून कॅलिफोर्नियातल्या न्यायालयापर्यंतचा हा प्रवास आहे.

तिसरं उदाहरण शान स्त्रियांचं. २००२ मध्ये त्यांनी आणि शान मानवी हक्क कार्यकर्त्यांनी एक अहवाल काढला. सैनिकांनी केलेल्या बलात्काराच्या १७३ घटना आणि त्यांत बळी पडलेल्या ६२५ स्त्रिया व मुली, असा त्यात हिशेब होता. लष्कराने सगळं नाकारलं, पण हा विषय त्यानंतर कोणाला दडपता आला नाही.

आता रेडिओवर बोलतो आहे तर रेडिओचीही गोष्ट सांगायला हवी. १९९२ मध्ये नॉर्वेच्या ऑस्लो शहरातून निर्वासितांनी ब्रह्मी भाषेत प्रसारण सुरू केलं. लोक घरात आवाज बारीक करून ते ऐकत. २००७ मध्ये भिक्खूंचे मोर्चे निघाले, तेव्हा याच केंद्राच्या तरुणांनी जीव धोक्यात घालून लपवलेल्या कॅमेऱ्यांनी चित्रण केलं. जपानी पत्रकार केन्जी नागाई यांना सैनिकाने अगदी जवळून गोळी घातल्याचं जगाने पाहिलं, ते अशाच चित्रणामुळे. नागाई यांचा हरवलेला कॅमेरा २०२३ मध्ये याच संस्थेने त्यांच्या बहिणीच्या हाती दिला. सोळा वर्षांनी!

या लोकांना साथ देणारेही भेटले. अमेरिकेत विद्यार्थ्यांनी आपापल्या विद्यापीठांत पेप्सीविरुद्ध मोहीम चालवली आणि १९९७ मध्ये कंपनीने ब्रह्मदेशातून अंग काढून घेतलं. आपल्या दिल्लीत, मुंबईच्या कामगारांचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांच्या बंगल्यावर ब्रह्मी विद्यार्थ्यांना आसरा मिळाला. पुढे भारत सरकारने लष्करशहांशी जुळवून घेतलं आणि जॉर्ज संरक्षणमंत्रीही झाले, तरी तो आसरा काही मोडला नाही. सो मिंट या विद्यार्थ्याने १९९० मध्ये खोटा बॉम्ब दाखवून एक विमान कोलकात्याला उतरवलं होतं. जगाचं लक्ष वेधायचं होतं, एवढंच. त्यानेच १९९८ मध्ये दिल्लीत ‘मिझिमा’ ही वृत्तसंस्था काढली. लक्ष वेधण्याचा हा दुसरा मार्ग जास्त दिवस टिकला.

श्रोतेहो, इथे एक कडू गोष्टही सांगितली पाहिजे. २०१७ मध्ये लष्कराच्या कारवाईमुळे सात लाखांवर रोहिंग्या बांगलादेशात पळाले. तेव्हा लोकशाहीसाठी झगडलेल्या अनेकांनी तोंड फिरवलं. स्यू ची यांनी २०१९ मध्ये हेगच्या न्यायालयात स्वतः जाऊन देशाची बाजू मांडली. आयुष्यभर नोंदी ठेवणाऱ्या चळवळीच्या वहीतून एक सबंध समाज गळाला होता. तेव्हा ब्रिटनमधल्या रोहिंग्या निर्वासितांनी आपली वही स्वतः उघडली. त्यांनी २०१९ मध्ये अर्जेंटिनात तक्रार गुदरली. २०२५ मध्ये तिथल्या न्यायालयाने तेव्हाचे लष्करप्रमुख मिन आँग ह्लाईंग यांच्यासह अनेकांवर अटकेचं वॉरंट काढलं. त्यात स्यू ची यांचंही नाव होतं. लष्कराने १ फेब्रुवारी २०२१ ला पुन्हा सत्ता बळकावली आणि स्यू चींना कैद केलं. स्वतःवर बंदूक रोखली गेली, तेव्हा बहुसंख्य समाजातले कित्येक तरुण रोहिंग्यांची उघड माफी मागू लागले. उशिरा का होईना.

२०२१ नंतर पुन्हा माणसांचे लोंढे निघाले. आपल्या मिझोराममध्ये हजारो चिन कुटुंबं आली. निर्वासितांना रोखा असं केंद्राचं पत्र असतानाही गावकऱ्यांनी आणि चर्चनी त्यांना तांदूळ दिला, छप्पर दिलं. माए सोटला डॉ. सिंथिया माउंग यांचा दवाखाना १९८९ पासून चालतो आहे. सुरुवातीला तिथे भात शिजवायच्या कुकरात उपकरणं उकळून घेत. नवे जखमी तिथेही आले.

आणि ती यादी? २०१३ नंतर वाटलं होतं की ती लवकरच मिटेल. ती पुन्हा सुरू झाली. २०२५ च्या सुरुवातीपर्यंत तिच्यात लष्कर आणि त्याच्या साथीदारांनी मारलेल्या सहा हजारांहून अधिक माणसांची नोंद झाली होती. त्यात १९८८ चे विद्यार्थी नेते को जिमी आहेत. २०२२ मध्ये त्यांना फाशी दिली गेली. त्यांचं नाव जुन्या कैद्यांच्या यादीत होतंच. आता ते दुसऱ्या यादीत गेलं.

ही माणसं जिंकली का, असं विचाराल तर अजून नाही. पण ताडून पाहिल्याशिवाय ती आजही एकही नाव यादीत घालत नाहीत, आणि आकडा जाहीर करताना सांगतात की खरा आकडा याहून मोठा असणार. त्या उरलेल्या नावांचा शोध चालू आहे.