चार ज्योतींचें चाक

सण एका दिवसाचा असतो. पण सणाची गोडी त्याच्या आधींच्या दिवसांत असते. दिवाळीच्या पहांटेपेक्षां भाजणीचा वास घरांत दरवळूं लागतो तो दिवस मुलांना अधिक प्रिय वाटतो, हें कोणत्याहि गृहिणीला सांगावयास नको. ख्रिस्ती बांधवांनीं ही वाट पाहण्याची गोडी एका लहानशा वर्तुळांत बांधून ठेविली आहे. हिरव्या पानांचें एक कडें, त्यावर चार मेणबत्त्या आणि दर रविवारीं एक अधिक ज्योत, असें त्याचें स्वरूप. इंग्रजींत त्याला ‘ॲडव्हेंट रीथ’ म्हणतात. मराठींत ‘आगमनचक्र’ म्हणावयास हरकत नाहीं. सोलापुरासारख्या कोरड्या हवेच्या शहरांत तें घरच्या घरीं कसें करावें, कसें पेटवावें आणि त्यांतील मर्म कोणतें, याचा येथें थोडा विचार करावयाचा आहे.

प्रथम या चक्राची जन्मकथा पाहूं. जर्मनींतील हॅम्बुर्ग शहराजवळ योहान हिनरिख विखेर्न या तरुण धर्मसेवकानें 1833 सालीं निराश्रित मुलांसाठीं ‘राउहेस हाउस’ नांवाचें एक गृह काढलें. नाताळ जवळ येऊं लागला म्हणजे तीं मुलें रोज एकच प्रश्न विचारीत : ‘आतां किती दिवस उरले?’ 1839 सालीं विखेर्न यांनीं या प्रश्नाला तोंडानें उत्तर देण्याचें सोडून दिलें. त्यांनीं गाडीचें एक जुनें चाक घेतलें, त्यावर वीस लहान तांबड्या आणि चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या बसविल्या आणि रोज एक मेणबत्ती लावण्याचा परिपाठ सुरू केला. इतर वारीं लहान, रविवारीं मोठी. त्या वर्षीं आगमनकाळाचा पहिला रविवार 1 डिसेंबरला आला होता. म्हणून नाताळच्या पूर्वसंध्येपर्यंत बरोबर चोवीस ज्योती झाल्या. मुलें गणित शिकलीं, वाट पाहण्यासहि शिकलीं आणि दिवाणखान्यांतला प्रकाश रोज थोडा वाढत गेला.

चाकाला हिरवीं पानें मागाहून आलीं. घरगुती उपयोगासाठीं चोवीसांच्या चार ज्योती झाल्या आणि प्रॉटेस्टंट घरांतून निघालेली ही चाल विसाव्या शतकांत कॅथॉलिक देवळांतहि शिरली. पण दोन गोष्टी लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. हें चक्र श्रीमंतांच्या महालांत जन्मलेलें नाहीं. तें टाकाऊ वस्तूंतून, आईबापांवांचून वाढणाऱ्या मुलांसाठीं तयार झालें. आणि तें शोभेची वस्तु म्हणून नव्हे, तर दिनदर्शिका म्हणून तयार झालें.

म्हणूनच सोलापुरांत तें परकें वाटण्याचें कारण नाहीं. ज्या मुलखानें पिढ्यान्‌पिढ्या बैलगाडी हांकली, त्याला तुंबा, आरे आणि धाव यांची ओळख करून देण्याची गरज काय? अमेरिकन मिशनरी मुंबईस 1813 सालीं आले. अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, त्यांचें काम 1831 सालीं सुरू झालें आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तें सोलापुरांत पोंचलें. त्याच मिशनच्या परिवारांत 1895 सालीं आलेले कवि नारायण वामन टिळक यांनीं ख्रिस्ती उपासनेला भजन-कीर्तनाचा मराठी वेष दिला. उपासनेंत टाळ-मृदंग शोभले, तर चक्रावर आंब्याचीं पानें कां शोभूं नयेत?

आतां कृति. युरोपांत देवदाराच्या जातीच्या झाडांच्या फांद्या वापरतात. त्या येथें मिळावयाच्या नाहींत आणि त्यांची नक्कल करणारें प्लॅस्टिकचें कडेंहि आणूं नये. निरगुडीच्या चार-पांच ओल्या, लवचिक फांद्या घ्याव्या. याच फांद्यांच्या कणग्या विणतात. त्या एकमेकींत पिळून हातभर रुंदीचें कडें करावें आणि बारीक लोखंडी तारेनें बांधावें. सूत किंवा सुतळी वापरूं नये, कारण ती पेट घेते. कड्यावर आंब्याचे टहाळे व कुंपणाची मेंदी खोंचावी. अंगणांत मोरपंखी असल्यास तिचीहि एखादी फांदी घ्यावी. दिवाळींतल्या चार पणत्या घरांत असतातच. त्यांत मळलेली माती भरून प्रत्येकींत एक जाड, बुटकी मेणबत्ती घट्ट बसवावी आणि माती वाळूं द्यावी. हें सर्व ओली वाळू पसरलेल्या परातींत मांडावें, म्हणजे चक्र सिद्ध झालें.

मेणबत्त्यांचा रंग ज्याच्या त्याच्या संप्रदायाप्रमाणें असतो. कॅथॉलिक पद्धतींत तीन जांभळ्या व एक गुलाबी असते. गुलाबी तिसऱ्या रविवारची, कारण तो आनंदाचा रविवार. रंगीत न मिळाल्यास चारहि पांढऱ्या चालतात. आशा, शांति, आनंद आणि प्रीति अशीं त्यांचीं नांवें पुष्कळ ठिकाणीं घेतात. कित्येक घरीं मधोमध पांचवी पांढरी मेणबत्ती ठेवितात. ती मात्र नाताळालाच पेटावयाची.

पेटविण्याचा नियम सोपा आहे. 30 नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार तो पहिला. त्या संध्याकाळीं एकच मेणबत्ती लावावयाची आणि प्रार्थना होईपर्यंत तेवत ठेवावयाची. तो आठवडाभर तीच. दुसऱ्या रविवारीं दोन, तिसऱ्या रविवारीं तीन. हा काळ दर वर्षीं सारखा नसतो. 2022 सालीं तो 27 नोव्हेंबरला सुरू झाला आणि पूर्ण अठ्ठावीस दिवसांचा झाला. 2023 सालीं तो 3 डिसेंबरला सुरू होऊन बावीस दिवसांतच संपला. अठ्ठावीस दिवसांच्या वर्षीं रोज पाव तास ज्योती लावल्या, तर पहिली मेणबत्ती सात तास जळते, दुसरी सव्वापांच, तिसरी साडेतीन आणि चवथी केवळ पावणेदोन. नाताळच्या आदल्या दिवशीं चारहि एकदम तेवूं लागल्या, म्हणजे त्यांच्या उंचीचा एक जिनाच झालेला दिसतो.

या जिन्यांतच एक धोका आहे, आणि तो घरांतील वडील माणसांनीं ओळखला पाहिजे. पहिली मेणबत्ती सर्वांत बुटकी होते त्याच सुमारास पानें सर्वांत अधिक वाळलेलीं असतात. म्हणून दर तीन-चार दिवसांनीं पानें बदलावींत, ज्योत पानांपासून चार बोटें वर राहील असें पाहावें आणि मेणबत्ती त्याहून खालीं आल्यास तिच्याजवळचीं पानें खुशाल काढून टाकावींत. मोरपंखी वाळली कीं भुरकन पेटते, हें विसरूं नये. चक्र पडद्याजवळ ठेवूं नये, पेटतें ठेवून खोलीबाहेर जाऊं नये, ज्योत फुंकरीनें न विझवितां पळी पालथी धरून विझवावी आणि शेजारीं पाण्याचा तांब्या भरून ठेवावा.

मुलांचा प्रश्न ठरलेलाच असतो : ‘चारहि आजच लावल्या तर काय बिघडलें?’ बिघडत कांहींच नाहीं. फक्त पुढच्या रविवारीं करावयाला कांहीं उरत नाहीं. बाजारांत विजेचीं चक्रें मिळतात. बटण दाबलें कीं चारहि दिवे एकदम लागतात. त्यांत उजेड आहे, पण वाट पाहणें नाहीं. पुण्यास नोकरीसाठीं गेलेला मुलगा चवथ्या मेणबत्तीला घरीं यावयाचा असेल, तर त्याच्या आईला त्या तीन न पेटलेल्या मेणबत्त्यांचा अर्थ कोणी समजावून द्यावा लागत नाहीं. एकेक ज्योत वाढते, तसतसें त्याचें येणें जवळ येतें. आणि ज्या घरीं यंदा येणारें कोणी नाहीं, तेथेंहि पहिल्या ज्योतीचें नांव ‘आशा’ असेंच घेतात. आगमनकाळाचें मर्म याहून निराळें नाहीं.

हॅम्बुर्गमध्यें डिसेंबरअखेर दिवस जेमतेम साडेसात तासांचा असतो. तेथें अंधार हा खराखुरा पाहुणा. सोलापुरांत त्या दिवसांतहि सुमारें अकरा तास ऊन असतें. पण मनुष्याचा अंधार सूर्याच्या उदयास्तावर अवलंबून नसतो. विखेर्न यांचीं मुलें निराश्रित होतीं. त्यांना उद्यांचा दिवस आजच्यापेक्षां एका ज्योतीनें अधिक उजळ असेल, एवढें एक वचन मिळालें, आणि तें चोवीस दिवस रोज पाळलें गेलें. मुलांना दिलेलें वचन असें रोज थोडें थोडें पाळणें हें महाग सजावटीपेक्षां अवघड आहे. त्याला लागणारें साहित्य मात्र कोणत्याहि घरांत सांपडतें : चार पणत्या, मूठभर माती आणि दर संध्याकाळचा पाव तास.