नाकारलेल्या आराखड्यातील खानदेश



इतिहासात ‘जर-तर’ला स्थान नसते, असे म्हणतात. तथापि राज्यरचनेच्या अभ्यासात स्वीकारलेल्या आराखड्याइतकाच नाकारलेला आराखडाही उद्बोधक ठरतो. खानदेशच्या वाट्याला असा एक आराखडा आला होता.

१९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने द्वैभाषिक मुंबई राज्य आणि स्वतंत्र विदर्भ सुचविला. त्याच वर्षी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी भाषावार राज्यांवरील आपल्या पुस्तकात निराळी मांडणी केली. राज्याची भाषा एक असावी. परंतु एका भाषेचे राज्यही एकच असले पाहिजे असे नाही, हे त्यांचे सूत्र. संघराज्यात अवाढव्य राज्यांचे वर्चस्व होऊ नये, ही त्यामागील दृष्टी. म्हणून मराठी मुलखाची त्यांनी चार राज्ये कल्पिली : मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. पूर्व व पश्चिम खानदेश, म्हणजे आजचे जळगाव, धुळे आणि नंदुरबार, हे डांग, नाशिक, अहमदनगर, सोलापूर आणि मराठवाडा यांच्यासह मध्य महाराष्ट्रात येत होते.

तसे घडते तर? गोदावरीच्या पाण्यावरून नाशिक-नगर आणि मराठवाडा यांच्यात होणारा वाद तेव्हाही झालाच असता. पण दोन्ही पक्ष एका लहान विधिमंडळात समोरासमोर बसले असते. राजधानी मुंबईच्या मानाने जवळ असती. मात्र मुंबईचा महसूल या राज्याला मिळाला नसता, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. संयुक्त महाराष्ट्राचा आग्रह केवळ भावनेचा नव्हता, तो यामुळेच.

प्रत्यक्षात १ मे १९६० रोजी महाराष्ट्र आणि गुजरात ही दोन राज्ये झाली. त्या वेळी पश्चिम खानदेशातील नवापूर, नंदुरबार, तळोदे व अक्कलकुवा तालुक्यांतील काही गावे गुजरातेत गेली. तापीवरील उकाई धरणाच्या बुडीत क्षेत्राचा विचार त्यामागे होता. सीमा ठरविताना भाषेपेक्षा पाणी बलवत्तर ठरले. रेषेच्या दोन्ही बाजूंना भिल्ल समाज राहिला. त्याची बोली राजधानीची भाषा ना इकडे झाली, ना तिकडे.

खुद्द खानदेशातही भाषेचे चित्र सरळ नाही. ग्रियर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाने १९०७ साली खानदेशीला भिल्ली भाषांसोबत स्थान दिले. अहिराणी बोलणारा शेतकरी मात्र स्वतःला निःसंशय मराठी मानतो. आपलेपणाची मोजणी भाषाशास्त्राच्या फूटपट्टीने होत नाही.

खरा प्रश्न मोठ्या राज्यातील लहान प्रदेशाच्या स्थानाचा आहे. घटनेच्या कलम ३७१ (२) अन्वये १९९४ साली तीन विकास मंडळे झाली : विदर्भ, मराठवाडा आणि ‘उर्वरित महाराष्ट्र’. खानदेश या ‘उर्वरित’मध्ये गेला. साक्री वा शिरपूरच्या कोरडवाहू गावाची गणना कृष्णाकाठच्या ऊसमळ्यांसोबत झाली. सरासरी काढली की अनुशेष दिसेनासा होतो.

घटनेच्या कलम ३ नुसार संसद राज्यांच्या सीमा साध्या बहुमताने बदलू शकते. देश एकसंध असल्यानेच ही लवचीकता परवडते. परंतु प्रत्येक गाऱ्हाण्यावर नवे राज्य हा उपाय नव्हे. १९९२ ची ७३ वी घटनादुरुस्ती आणि आदिवासी क्षेत्रासाठीचा १९९६ चा पेसा कायदा यांनी अधिकार गावापर्यंत नेण्याची वाट दाखविली आहे. १९९८ साली नंदुरबार जिल्हा झाला, त्याने सातपुड्यातील माणसाचे कलेक्टर कचेरीपर्यंतचे अंतर कमी झाले. अंतर आणखी कमी करावयाचे, तर निधी आणि निर्णय दोन्ही ग्रामसभेच्या हाती आले पाहिजेत. आंबेडकरांच्या नकाशातील रेषा कालबाह्य झाल्या असतील. सत्ता माणसाच्या आवाक्यात असावी, हा त्यांतून निघणारा धडा झालेला नाही.