उभ्या गाडीचा ब्रेक

मोटार थांबविणे आणि मोटार उभी करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. थांबविण्याचे काम क्षणांचे असते आणि त्या वेळी चालक जागेवर असतो. काही बिघडलेच तर त्याचे डोळे उघडे असतात, पाय ब्रेकवर असतो. उभ्या केलेल्या गाडीचे तसे नाही. ती तासन्‌तास, कित्येकदा रात्रभर, राखणीवाचून उभी राहते. चालक घरात निजलेला असतो किंवा बाजारात भाजी निवडीत असतो, आणि हजार-बाराशे किलोंचे ते धूड उतारावर एका तारेच्या भरवशावर टेकलेले असते. ही तार ज्या योजनेचा भाग आहे तिला आपल्याकडे लहानथोर सारेच हँडब्रेक म्हणतात.

नाव हँडब्रेक असले तरी तो प्रत्येक गाडीत हातानेच लावला जातो असे नाही. काही गाड्यांत त्यासाठी डावीकडे एक छोटे पेडल असते, जुन्या काही गाड्यांत डॅशबोर्डखाली छत्रीच्या मुठीसारखी मूठ असे, आणि आता पुष्कळ गाड्यांत नुसते एक बटन असते. मोटारीच्या बाल्यावस्थेत मात्र हाताच्या दांड्याचा मान मोठा होता. त्या काळच्या पुष्कळ गाड्यांत पायाचा ब्रेक गीअरपेटीमागच्या दांड्यावर चाले आणि मागची चाके प्रत्यक्ष आवळण्याचे काम हाताच्या दांड्याकडे असे. पुढे चारही चाकांना ब्रेक आले, त्यांत तेलाच्या दाबाची योजना आली, आणि हाताचा दांडा मागे पडला. चालती गाडी थांबविण्याचे त्याचे काम गेले. उभी गाडी उभी ठेवण्याचे तेवढे उरले.

हे काम तेलाच्या दाबावर का सोपविले नाही, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. पायाचा ब्रेक दाबला की नळ्यांतील तेल चाकांपर्यंत जोर पोहोचविते. पण तो जोर पाय तेथे असेपर्यंतचा. शिवाय कोठे बारीक गळती असली तर रात्रभरात दाब उतरणारच. म्हणून उभ्या गाडीचा ब्रेक केवळ यांत्रिक पकडीने जागच्या जागी धरलेला असावा, असा दंडक आंतरराष्ट्रीय नियमांनी घालून दिला आहे. दांडा वर ओढला की दातेरी पट्टीत खटका अडकतो, तार ताणली जाते, आणि ती ताण मागच्या चाकांपर्यंत नेते. तेथे ड्रमच्या आत चंद्रकोरीसारखे दोन शू असतात. ते फाकून ड्रमला आतून भिडतात. दोन्ही चाकांना सारखा ताण मिळावा म्हणून मध्ये तराजूच्या दांडीसारखी एक पट्टी बसविलेली असते. मागे डिस्क असलेल्या गाड्यांत कोठे डिस्कच्या पोटातच लहानसा ड्रम दडविलेला असतो, तर कोठे तीच तार डिस्कच्या पकडीवरील एक तरफ ओढते.

या तारेवर किती भार पडतो याचा हिशेब सोपा आहे. माणसे आणि सामान धरून १,२०० किलोंची गाडी दहास एक अशा चढावर उभी केली, तर ती सुमारे १२० किलोंच्या ओढीने खाली जाऊ पाहते. पाचास एक चढ असला तर हीच ओढ सुमारे २३५ किलोंची होते. प्रवासी मोटारींच्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे भरलेली गाडी या पाचास एक, म्हणजे २० टक्के, चढउतारावर हँडब्रेकने स्थिर राहिली पाहिजे, आणि त्यासाठी हाताला लागणारा जोर ४०० न्यूटनच्या, म्हणजे ढोबळ मानाने चाळीस किलोंच्या, वर जाता कामा नये. नवी गाडी ही परीक्षा उतरते. प्रश्न पाच-सात वर्षांच्या गाडीचा आहे.

कारण हे यंत्र झिजण्यापेक्षा न वापरल्यानेच अधिक बिघडते. सपाट गावातील चालक गाडी गीअरमध्ये टाकून उतरतो आणि दांड्याला महिनोन्‌महिने हात लावीत नाही. तार ज्या आवरणातून सरकते त्याचे तोंड चाकाजवळ, नेमके चिखलपाण्याच्या वाटेवर असते. आवरण कोठे चिरले की पाणी आत शिरते, गंज धरतो, आणि न हलणारी तार हळूहळू जाम होते. मग एके दिवशी हाच गृहस्थ कुटुंबासह महाबळेश्वरला किंवा मसुरीला जातो, चढावर गाडी उभी करून दांडा ओढतो, दांडा मोठ्या डौलाने वरही येतो. परंतु चाकाशी काहीच घडलेले नसते. म्हणून गरज असो वा नसो, दर वेळी गाडी उभी करताना हँडब्रेक लावण्याची सवय ही यंत्रालाही हितकर आहे.

या नियमाला अपवाद आहेत, आणि ते हवामानाचे आहेत. कोकणात किंवा गोव्यात ऐन पावसाळ्यात ओली गाडी हँडब्रेक लावून महिनाभर बंद ठेवली, तर शू आणि ड्रम गंजाने एकमेकांना चिकटतात, आणि परत आल्यावर चाक हलता हलत नाही. सिमला किंवा लडाखच्या हिवाळ्यात गंजाचे काम बर्फ एका रात्रीत करते. अशा वेळी सपाट जागा पाहावी, गाडी गीअरमध्ये ठेवावी, चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी द्याव्यात आणि हँडब्रेक मोकळा सोडावा. पाण्यातून आलेली किंवा नुकतीच धुतलेली गाडीसुद्धा चार पावले पायाचा ब्रेक हलकेच दाबीत चालवून, ब्रेक सुकवून मग ठेवावी.

आता लावण्याच्या रीतीकडे वळावयास हवे, कारण पुष्कळांची चूक येथे होते. पायाचा ब्रेक दाबलेला असतानाच गाडी न्यूट्रलमध्ये आणावी, हँडब्रेक पुरता ओढावा, आणि मग पाय सावकाश उचलून गाडीचा भार त्या ब्रेकवर येऊ द्यावा. गाडी हलली तर ते आताच कळते, चालक जागेवर असताना. नंतर गीअर टाकावा; तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर मागचा. केवळ गीअरवर विसंबणे मात्र बरे नव्हे. गीअरमधली गाडी अडते ती इंजिनाच्या सिलिंडरात कोंडलेल्या हवेमुळे. ही हवा पिस्टनच्या कडांमधून हळूहळू निसटते, आणि तीव्र उतारावर गाडी हिसके देत वीत-वीत सरकू शकते.

आपोआप गीअर बदलणाऱ्या गाड्यांत ‘पी’ अक्षराचा फार दरारा आहे. वस्तुतः त्या जागी दांडा नेला म्हणजे गीअरपेटीतील एका दातेरी चाकात एक लहानसा लोखंडी अडसर बसतो, एवढेच. आधी ‘पी’ आणि मग हँडब्रेक असा क्रम ठेवला, तर उतारावर सारा भार त्या अडसरावर येतो, आणि निघताना दांडा काढताच खडाकन आवाज होतो. हँडब्रेक आधी, ‘पी’ नंतर, हाच योग्य क्रम होय. दांड्याची जागा म्हणजे ब्रेक नव्हे, याची दारुण आठवण २०१६ च्या जूनमध्ये जगाला मिळाली. अँटन येल्चिन हा अवघ्या २७ वर्षांचा चित्रपट-अभिनेता लॉस एंजेलिस येथे आपल्याच घराच्या उतरत्या वाटेवर, आपलीच गाडी मागे घरंगळत येऊन तिच्याखाली सापडून मृत्यू पावला. त्या प्रकारच्या गाड्यांत दांडा नेमका कोणत्या गीअरवर आहे हे हाताला उमगत नसे, म्हणून कंपनीने त्या दोन महिने आधीच दुरुस्तीसाठी परत बोलाविल्या होत्या.

उतारावर पुढच्या चाकांची दिशाही राखण करते. आपल्याकडे गाडी डाव्या कडेला उभी राहते. तोंड उताराकडे असेल तर चाके डावीकडे, फुटपाथच्या कट्ट्याकडे वळवावीत. तोंड चढाकडे असून कट्टा असेल तर उजवीकडे, म्हणजे मागे सरकताच टायर कट्ट्याला टेकतो. कट्टाच नसेल तर चढ असो वा उतार, चाके डावीकडे, रस्त्याबाहेर वळवावीत. सॅन फ्रॅन्सिस्को या डोंगरउतारावर वसलेल्या शहरात ३ टक्क्यांहून अधिक उतारावर चाके अशी वळविणे कायद्यानेच बंधनकारक आहे. घाटात डावीकडे दरी असेल आणि कठडा नसेल तर मात्र कोणतीही युक्ती न लढविता पुढची रुंद जागा गाठावी. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे १२६ वे कलम चाके कोणीकडे वळवावीत हे सांगत नाही. पण परवानाधारक चालक जागेवर नसताना यंत्र बंद करून ब्रेक लावल्यावाचून, किंवा गाडी चुकूनही हलणार नाही असा अन्य बंदोबस्त केल्यावाचून, ती सार्वजनिक जागी उभी ठेवू नये, असे ते स्पष्ट बजावते.

लहान मूल एकटे गाडीत ठेवू नये, याची जी अनेक कारणे आहेत त्यांत हा दांडाही एक आहे. बटन दाबून दांडा खाली करणे हा मुलांच्या लेखी खेळ असतो.

घाट उतरून येताच डिस्कचे ब्रेक तापलेले असतात. तापलेली डिस्क किंचित फुगलेली असते. त्याच वेळी हँडब्रेक लावून चहाला गेले, तर डिस्क निवताना आकसते आणि पकड सैल पडते. खोपोलीला किंवा कसाऱ्याला उतरून थांबणाऱ्याने दांडा घट्ट ओढून गीअर टाकावा, आणि दहा मिनिटांनी पुन्हा एक खटका चढतो का ते पाहावे. मागे ड्रम असतील तर उलट घडते. फुगलेला ड्रम निवताना शूंवर आवळत जातो आणि निघताना जरा अडतो.

चालत्या गाडीचा पायाचा ब्रेक निकामी झाला तर हँडब्रेक कामी येतो, पण तो हिसक्याने ओढला तर मागची चाके एकदम थिजतात आणि गाडी गर्रकन फिरते. मुठीचे बटन दाबून धरून ओढीत-सोडीत, गीअर उतरवीत वेग तोडावयाचा असतो.

निगा राखण्यास फार खर्च नाही. दांडा किती खटक्यांवर आवळतो ते मोजण्याची सवय ठेवावी. गाडीच्या पुस्तिकेत हा आकडा दिलेला असतो. पूर्वी पाचव्या खटक्याला धरणारा दांडा नवव्याला धरू लागला, तर तार लांबली आहे किंवा शू झिजले आहेत. येथे गॅरेजमध्ये एक घाईची दुरुस्ती होते, ती टाळावी. मिस्त्री दांड्याखालचा नट आवळून देतो, खटके कमी होतात, गिऱ्हाईक खूश होते. परंतु झीज चाकात असताना तार आवळली, तर शू पूर्ण मागे येत नाहीत, ड्रमला घासत राहतात, तापतात. आणि ड्रममधील जी योजना झिजेप्रमाणे शू आपोआप पुढे सरकविते तिचेही काम बिनसते. आधी चाकातील शू नीट करावेत, मगच तारेला हात लावावा. काम झाल्यावर मागची दोन्ही चाके उचलून पाहावीत. दांडा खाली असता ती मोकळी फिरली पाहिजेत, ओढल्यावर दोन्ही सारखी आवळली पाहिजेत. या तपासणीत हँडब्रेक सुटलेला असतो, तेव्हा पुढच्या चाकांना पाचरी हव्यातच.

हँडब्रेक ओढला की डॅशबोर्डावर लाल दिवा लागतो. तो न सोडता मैलभर गाडी हाकणारे कमी नाहीत. जळका वास आला की मग आठवण होते. दांडा पूर्ण खाली असूनही दिवा विझत नसेल, तर पुष्कळ गाड्यांत तोच दिवा ब्रेकचे तेल कमी झाल्याचाही असतो, हे ध्यानात ठेवावे.

२००१ पासून बाजारात आलेल्या विजेच्या हँडब्रेकने तारेचा आणि मनगटाचा प्रश्न पुष्कळसा मिटविला. चाकाजवळची लहान मोटरच पकड आवळते. परंतु बॅटरी उतरली तर तो सुटत नाही, आणि मागचे पॅड बदलताना तो दुरुस्तीच्या स्थितीत न नेता जोर केला तर आतील दाते मोडतात. इंजिन बंद करताच तो आपोआप लागतो की बटन ओढावे लागते, हे गाडीगणिक बदलते. नव्या गाडीच्या मालकाने ते पहिल्याच दिवशी सपाट जागेवर पाहून घ्यावे.

राहता राहिले चाक बदलणे. हँडब्रेक बहुधा मागच्याच चाकांना असतो. त्यांतील एक जॅकवर उचलले की धरून ठेवणारे एकच उरते. मागच्या चाकांना शक्ती पुरविणाऱ्या गाडीत गीअरवर भिस्त ठेवणे तर व्यर्थच, कारण एक चाक अधांतरी झाले की डिफरन्शियल त्याला मोकळे फिरू देते आणि दुसऱ्याची अडवणूक संपते. जुन्या लँडरोव्हरमध्ये हँडब्रेक चाकांना नसून गीअरपेटीमागच्या दांड्याला असे. तिचे मागचे एक चाक उचलताच हँडब्रेकही असून नसल्यासारखा होई. अशा प्रसंगी उचललेल्या चाकाच्या कर्णरेषेतील चाकाला आधी पाचर द्यावी. गाडीच्या डिकीत दोन लाकडी पाचरी ठेवण्यास जागा लागत नाही. पाचर नसेल तर मोठा दगड चालतो. मात्र निघताना तो रस्त्याच्या कडेला, गटारापलीकडे टाकून जावे. घाटात मालमोटारींच्या चाकांमागचे असे दगड वळणावर तसेच पडून राहतात, आणि रात्री दुचाकीवरून येणाऱ्याला ते दिसत नाहीत.