बँकेची खुर्ची आणि रग्बीचें मैदान

रग्बीचा खेळ ज्यांच्या पाहण्यांत आला नसेल त्यांनीं कुस्तीची झोंबाझोंबी व हुतूतूची धरपकड एके ठिकाणीं कल्पावी आणि तींत एक लांबट चेंडू टाकावा. या धसमुसळ्या खेळांत इंग्लंडच्या वतीनें १९७२ ते १९७६ या काळांत २४ सामने खेळलेले अँडी रिप्ले उदरनिर्वाहासाठीं मात्र बँकेच्या व्यवसायांत होते.

त्यांचा जन्म १९४७ सालीं लिव्हरपूल येथें झाला. उंची साडेसहा फुटांस भिडणारी; तरी रग्बीकडे ते वळले विद्यापीठांत गेल्यावर. पुढें लंडनचा रॉस्लिन पार्क हा क्लब त्यांनीं जवळ केला, तो कायमचा. जोहॅन्सबर्ग येथें १९७२ सालीं आणि ऑकलंड येथें १९७३ सालीं इंग्लंडनें यजमानांस त्यांच्याच भूमीवर नमविलें. त्या दोन्ही संघांत रिप्ले होते.

या पराक्रमाचा मोबदला एक पैहि नव्हता. खेळाबद्दल पैसा घेणारास रग्बी युनियनची दारें बंद, असा दंडक १९९५ पर्यंत होता. बँकेंतील मनुष्यास तो पेलत असे. खाणींतील मजुरास मात्र बुडालेल्या रोजाची भरपाई हवी होती, आणि याच वादांतून १८९५ सालीं उत्तर इंग्लंडांतील क्लब फुटून निघाले. हौशी खेळाडूचें कौतुक करतांना ही हौस कोणास परवडत होती, हेंहि ध्यानांत ठेविलें पाहिजे.

तरीहि पैशानें न मिळणारें कांहीं या खेळांत होतें. आयर्लंडांतील रक्तपात पाहून स्कॉटलंड व वेल्स यांनीं १९७२ सालीं डब्लिनला जाण्याचें टाळलें. पुढील वर्षीं इंग्लंडचा संघ तेथें गेला. रिप्ले त्यांत होते. सामना इंग्लंडनें १८-९ असा गमावला. पण मैदानांत पाऊल पडतांच आयरिश प्रेक्षक उभे राहिले, आणि टाळ्यांचा कडकडाट कितीतरी वेळ थांबेना.

१९७४ सालीं ब्रिटिश लायन्स संघाबरोबर ते दक्षिण आफ्रिकेंत गेले. संघानें २२ पैकीं २१ सामने जिंकले, एक बरोबरींत सुटला. परंतु रिप्ले यांच्या जागीं मर्व्हिन डेव्हिस असल्यामुळें चारहि कसोट्या त्यांनीं बाहेरूनच पाहिल्या.

पन्नाशींत ते केंब्रिज येथें विद्यार्थी झाले आणि नौकाशर्यतीच्या निवडीस उतरले. निवड थोडक्यांत हुकली. २००५ सालीं कर्करोगानें गांठलें. तेव्हांहि आपली व्याधि न लपवितां ते तीविषयीं उघडपणें बोलत व लिहीत राहिले. जून २०१० मध्यें, वयाच्या ६२ व्या वर्षीं, त्यांचा अंत झाला.