लाकडं आणायची नाहीत, तर रानात कशाला?

(संघटनेच्या जिल्हा मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



सकाळपासून आपण पोटगीवर बोललो, रेशनकार्डावर बोललो, मारहाणीच्या केसेसवर बोललो. आता मी सहलीवर बोलणार म्हटल्यावर काहीजणी हसल्या. हसा. दोन वर्षांपूर्वी वस्तीतल्या बैठकीत हा विषय निघाला तेव्हा मीही हसले होते. एम.एस.डब्ल्यू.ला असताना ‘विरंगुळा’ हा शब्द आम्ही मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या संदर्भात शिकलो. मधल्या चाळीस वर्षांत बाईला तो लागतो का, हे कुणी विचारलं नाही. मीही नाही.

विषय काढला एका सोळा वर्षांच्या मुलीनं. वर्गातली मुलं जायकवाडीला पक्षी बघायला गेली, तिला घरून सोडलं नाही. म्हणाली, “ताई, तुम्ही न्या ना.”

जायकवाडी म्हणजे पैठणचा नाथसागर. आपल्या शहरापासून पन्नासेक किलोमीटर. १९८६ साली ते पक्षी अभयारण्य जाहीर झालं. हिवाळ्यात तिथं रोहित येतात, चक्रवाक येतात. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पैशाचं जमलं. अडलं परवानगीपाशी. आम्ही एकवीसजणी निघालो, त्यातल्या निम्म्याहून जास्त घरी “नाथांच्या समाधीला जाते” असं सांगून आल्या होत्या. देवदर्शन चालतं, हळदीकुंकू चालतं, माहेरचं आजारपण चालतं. “मला बघायचंय” हे कारण चालत नाही. (समाधीचं दर्शन आम्ही घेतलं. खोटं कुणी बोललं नाही.)

पक्षी बघायचे तर उजाडताना पोचायला हवं. पण उजाडताना बाईच्या हातात पाणी, चूल आणि डबे. निघता निघता नऊ वाजले. संडासाबद्दल एवढंच सांगते की दुपारपर्यंत बहुतेकींनी पाण्याचा घोट घेतला नव्हता. आपण बाहेर पडतो त्या आधी घसा कोरडा ठेवून, हे आपल्या इतकं अंगवळणी पडलंय की त्याची कुणी तक्रारही करत नाही.

नाथसागराच्या काठावर गेलो आणि बायका गप्प झाल्या. आपल्या शहराला पाणी इथून येतं. याच पाण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे, अनेक दिवसांच्या आड येणाऱ्या नळापाशी रात्री काढलेल्या. त्यातल्या एकीनंही हे धरण कधी पाहिलं नव्हतं. एक मावशी म्हणाल्या, “एवढं असतं व्हय!”

आमच्यात एक काकू होत्या, कन्नडकडच्या. लहानपण गौताळ्याच्या कडेला शेरडं राखण्यात गेलं. मी तिकडं जायचं सुचवल्यावर आधी त्याच म्हणाल्या होत्या, “लाकडं आणायची नाहीत, तर रानात कशाला?” दुर्बीण घेऊन आलेला एक तरुण मुलींना झुडपातला भारद्वाज दाखवत होता. काकू म्हणाल्या, “हा आमचा कुंभारकावळा.” मग तो कुठं घरटं करतो, ओरडला की बाया काय म्हणतात, सगळं सांगत सुटल्या. तरुणानं वही काढली. काकूंना आयुष्यात प्रथमच कुणी त्यांचं बोलणं लिहून घेत होतं.

मी त्या दिवसापासून याच गोष्टीवर विचार करतेय. रानाची माहिती बाईकडे असते, कारण मोळी तिच्या डोक्यावर असते. ती माहिती ‘ज्ञान’ होते आणि तिला मोल मिळतं तेव्हा ते काम पुरुषाकडे गेलेलं असतं. असंच व्हायला हवं असं नाही. आफ्रिकेच्या दक्षिणेला बोट्सवाना नावाचा देश आहे, जगात सर्वांत जास्त हत्ती तिथं. तिथल्या चोबे राष्ट्रीय उद्यानातल्या चोबे गेम लॉजमध्ये पर्यटकांना गाडीतून, नावेतून जनावरं दाखवणारा सगळा गट बायकांचा आहे. गाडीही त्याच चालवतात. आपल्या ताडोब्यातही गावातल्या बायका गाइड झाल्या आहेत. गौताळ्यात तर २०२१ साली टिपेश्वरहून चालत वाघ आला. उद्या तिथं पर्यटक वाढले, तर गाइडच्या यादीत कन्नडच्या पोरी असतील का? आणि पर्यटकासाठी फाटक उघडताना मोळीवालीला हुसकावणार असतील, तर आपण कुणाच्या बाजूला? मला यातलं दुसरं जास्त छळतं. सफारीचं कौतुक करताना ते विसरायला होतं, माझंही झालंय.

कुणी म्हणेल, मराठवाड्याच्या पोरी कमी आहेत का? नाहीत. आपल्या शहरातल्या मनीषा वाघमारे २०१८ साली एव्हरेस्टवर पोचल्या. त्याच्या आदल्या वर्षी शिखर जवळ आलेलं असताना त्यांना परतावं लागलं होतं. धाराशिवच्या सारिका काळे यांना खो-खोसाठी २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला. त्यांचे फोटो आपण वस्तीत लावतो. पण फोटोखाली बसलेल्या मुलीला संध्याकाळी सातनंतर मैदानावर जाऊ देत नाही. पदक आणलं तरच तिचं धावणं माफ, असं का? तिला नुसतं धावावंसं वाटलं तर?

पैठणहून परतल्यावर एकीला घरी मार बसला, हेही सांगायला हवं. उशीर झाला म्हणून. आम्ही तिच्या घरी गेलो, सासूशी बोललो, नवऱ्याला कार्यालयात बोलावलं. पुढच्या वेळी ती आली नाही. त्याच्या पुढच्या वेळी सासूला घेऊन आली.

आता दर दोन महिन्यांनी एका रविवारी निघतो. देवाचं नाव न सांगता निघणाऱ्या सध्या नऊजणी आहेत. पुढची फेरी गौताळ्याची. निघायची वेळ पहाटे पाचची ठेवली आहे, म्हणजे आदल्या रात्री घरातल्या पुरुषांना चहा करायला शिकवून ठेवा. भाकरी आपापली आणा, चप्पल नको, बूट घाला, नसतील तर आमच्याकडे चार जोड आहेत. वाट दाखवायला काकू आहेत. त्यांना दिवसाची मजुरी द्यायचं गटानं ठरवलं आहे, त्या नको म्हणताहेत. तेवढं त्यांना जरा समजवा.